झपाटलेला तपास: मालिका-खुनी आणि त्याच्यामागे लागलेला अधिकारी

रहस्यकथांच्या वाचकाला एक प्रसंग पाठ असतो. वरिष्ठ अधिकारी तपास काढून घेतात, कथेतला अधिकारी मान डोलावून बाहेर पडतो आणि त्याच रात्री घरातल्या भिंतीवर मृतांची छायाचित्रे, वर्तमानपत्रांची कात्रणे आणि नकाशे लावून बसतो. पुढच्या शंभर पानांत त्याची झोप उडते, संसार मोडतो, सहकारी दुरावतात आणि ज्याला त्याने कधी पाहिलेलेही नाही अशा एका माणसाखेरीज त्याला दुसरे काही सुचेनासे होते. कादंबऱ्या, चित्रपट आणि अलीकडच्या वेब मालिका यांत हे इतक्या वेळा येते की त्याचा आता एक स्वतंत्र कथाप्रकारच झाला आहे. हा ध्यास कशातून निर्माण होतो, त्याचा धोका कोणाला असतो आणि मराठवाड्यातल्या एखाद्या ठाण्यात अशी कथा घडवायची म्हटली तर काय काय बदलेल, ते या लेखात पाहू. माझे मत आधीच सांगून टाकतो. तपास करणारा हळूहळू खुन्यासारखाच होत जातो, हा या कथांचा सर्वांत गाजलेला आणि सर्वांत पोकळ भाग आहे. खरा धोका असा की झपाटलेल्या अधिकाऱ्याच्या डोक्यात नवा पुरावा शिरायचा बंद होतो, आणि त्याची किंमत बहुतेक वेळा तिसऱ्याच कोणाला तरी मोजावी लागते.

तालुक्याच्या ठाण्यात खुनाची खबर येते तेव्हा फौजदार पहिल्यांदा विचारतो ते मयताचे कोणाशी वाकडे होते, हे. बांधाचा वाद, भावकीतली वाटणी, उसने दिलेले पैसे, चारित्र्यावरचा संशय, धाब्यावरची बाचाबाची. बहुतेक खुनांत मारणारा आणि मरणारा एकमेकांना ओळखत असतात, त्यामुळे नात्यागोत्याचा धागा धरून मागे गेले की दोन-तीन नावे हाती लागतात आणि उरलेले काम पुरावा गोळा करण्याचे असते. मालिका-खुनी हा धागाच नाहीसा करतो. एफबीआय या अमेरिकेच्या केंद्रीय तपास संस्थेने वापरलेली व्याख्या साधी आहे: एकाच गुन्हेगाराने वेगवेगळ्या प्रसंगी केलेले दोन किंवा अधिक खून. बळी पडणारी माणसे त्याला बहुधा अनोळखी असतात, म्हणून मयताच्या आयुष्यात कितीही खोल शिरले तरी खुन्याचा पत्ता लागत नाही. मग अधिकाऱ्यासमोर एकच वाट उरते, ती म्हणजे जे कृत्य समोर दिसते त्यावरून करणाऱ्याचे मन कल्पायचे. तो कोठे राहत असेल, कोणत्या वेळी बाहेर पडत असेल, अशीच माणसे का निवडत असेल, याचा विचार दिवसरात्र करणे हा त्याच्या कामाचाच भाग होतो. ज्या कामात दुसऱ्याच्या डोक्यात राहायला जावे लागते, त्या कामातून संध्याकाळी सहाला घरी परतणे अवघड असते.

दुसरे कारण काळाचे आहे. भावकीच्या वादातला खून एकदा घडला की घडून गेलेला असतो, तपासाला महिना लागला म्हणून आणखी कोणी मरत नाही. मालिकेत मात्र प्रत्येक वाया गेलेला दिवस पुढच्या बळीच्या हिशेबात धरला जातो, आणि पुढचे प्रेत सापडले की ते आपल्या अपयशाची पावती आहे असे अधिकाऱ्याला वाटू लागते. अपराधीपणाची ही भावना कथाकाराला फार सोयीची असते, कारण तिच्यामुळे अधिकाऱ्याने केलेली कोणतीही आगळीक वाचकाला क्षम्य वाटते.

हा प्रकार गुन्हेगारी कथेच्या जन्मापासून नव्हता. एडगर ॲलन पो यांनी १८४१ मध्ये आधुनिक गुप्तहेर कथेचा पाया घातला तेव्हा त्यांचा नायक कोडे सोडवण्याच्या बौद्धिक मौजेसाठी तपास करत होता. लंडनमध्ये १८८८ साली गरीब स्त्रियांचे खून करणारा शेवटपर्यंत सापडला नाही आणि न सापडलेल्या खुन्याची भीती तेव्हापासून साहित्यात मुरली. शेरलॉक होम्सला १८९३ मध्ये मोरिआर्टी भेटला. प्रतिस्पर्ध्याला संपवण्यासाठी स्वतः संपायला तयार होणारा गुप्तहेर तेथे दिसतो, पण तेही दोन बुद्धिमान माणसांमधले द्वंद्वच होते. १९७० च्या दशकात एफबीआयने गुन्हेगारांच्या वर्तनाचा पद्धतशीर अभ्यास सुरू केला आणि १९८१ मध्ये टॉमस हॅरिस यांच्या ‘रेड ड्रॅगन’ या कादंबरीने, खुन्यासारखा विचार करता येणे हीच ज्याची व्याधी आहे असा तपासनीस लोकप्रिय केला. त्यानंतर या वाटेवर गर्दीच झाली.

आपल्याकडे मात्र हा ध्यास उशिरा आला. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या आणि एसटी स्टँडवरच्या पुस्तकांच्या गाड्यावरून त्या प्रवाशांच्या हाती पडत राहिल्या. त्यांचे झुंजार किंवा धनंजय-छोटू हे नायक कधी कोलमडत नाहीत. याचे कारण मराठी माणसाच्या स्वभावात शोधण्याची गरज नाही, ते छपाईच्या वेळापत्रकात सापडते. ज्या नायकाला पुढच्या महिन्यात पुन्हा नव्या प्रकरणावर निघायचे आहे, त्याला या महिन्यात मोडून चालत नाही. ध्यासाची कथा ही मुळात एकदाच सांगता येणारी कथा आहे. तिच्यात तपास करणारा माणूस खर्ची पडतो, आणि म्हणून ती सुट्या कादंबरीत, चित्रपटात किंवा आठ-दहा भागांच्या वेब मालिकेत बसते, मासिक पुस्तकमालेत बसत नाही.

आता ध्यास आतून कसा काम करतो ते पाहू. त्यासाठी काल्पनिक उदाहरणापेक्षा एक खरे प्रकरण अधिक उपयोगी आहे, कारण त्याच्या प्रत्येक पायरीची नोंद आहे. इंग्लंडमधल्या यॉर्कशायर परगण्यात १९७५ पासून स्त्रियांचे खून होत होते. तपासाचे प्रमुख जॉर्ज ओल्डफील्ड यांना १९७८ आणि १९७९ मध्ये पत्रे आली आणि जून १९७९ मध्ये एक ध्वनिफीत आली. फितीतला आवाज स्वतःला ‘जॅक’ म्हणवत होता, ओल्डफील्ड यांना पहिल्या नावाने हाक मारत होता आणि तुम्हाला मी अजून सापडलो नाही अशी खिल्ली उडवत होता. हजारो माणसांची चौकशी करून रिकाम्या हाताने बसलेल्या अधिकाऱ्याला प्रथमच समोरून कोणीतरी बोलत होते. ओल्डफील्ड यांनी हे आव्हान वैयक्तिक मानले. आवाज संडरलँड भागातल्या बोलीचा आहे असे भाषातज्ज्ञांनी सांगितले, आणि त्याच तज्ज्ञांनी पुढे हे सोंग असू शकते असा इशाराही दिला. पहिली गोष्ट तपासाने उचलली, दुसरी बाजूला पडली.

परिणाम असा झाला की ज्या संशयिताची बोली संडरलँडची नाही, त्याच्यावरची नजर सैल झाली. पीटर सटक्लिफ हा ट्रकचालक स्थानिक यॉर्कशायरी बोलणारा होता. संपूर्ण तपासात पोलिसांनी त्याची नऊ वेळा चौकशी केली आणि प्रत्येक वेळी त्याला सोडले. हल्ल्यातून वाचलेल्या स्त्रियांपैकी काहींनी हल्लेखोर इथलाच बोलत होता असे सांगितले होते, पण त्या जबाबांपेक्षा फितीचे वजन जास्त ठरले. फीत आल्यानंतर आणखी तीन स्त्रिया मारल्या गेल्या. ओल्डफील्ड यांना १९७९ मध्येच हृदयविकाराचा झटका आला आणि पुढे तपासाची सूत्रे त्यांच्याकडून काढली गेली. जानेवारी १९८१ मध्ये शेफील्ड शहरात रात्रीच्या गस्तीवरच्या पोलिसांनी गाडीला खोटी नंबरप्लेट लावली म्हणून एका माणसाला पकडले, तो सटक्लिफ होता. तेरा खुनांसाठी त्याला शिक्षा झाली. फीत पाठवणारा माणूस वेगळाच निघाला. जुन्या पाकिटावरच्या लाळेतल्या डीएनएवरून तो २००५ मध्ये सापडला आणि २००६ मध्ये त्याला तुरुंगवास झाला.

या प्रकरणात ध्यासाच्या तिन्ही पायऱ्या उघड दिसतात. आधी लांबलेल्या अपयशाने माणूस थकतो. मग खुनी आपल्याशीच बोलतो आहे अशी त्याची समजूत होते आणि तपासाचे रूपांतर दोघांच्या कुस्तीत होते. शेवटी त्या कुस्तीला पोषक असेल तेच खरे आणि विरोधी असेल ते गौण, अशी चाळणी मनात बसते. मानसशास्त्रात या चाळणीला पुष्टीचा पूर्वग्रह म्हणतात: एकदा मत ठरले की माणूस पुरावा तपासत नाही, मताला साक्षीदार गोळा करतो. ओल्डफील्ड आळशी नव्हते, अप्रामाणिक तर मुळीच नव्हते. त्यांच्यापेक्षा कमी तळमळीच्या अधिकाऱ्याने कदाचित त्या फितीला इतके मनावर घेतले नसते, हीच या प्रकरणातली बोचणारी गोष्ट आहे. जाता जाता सांगण्यासारखी आणखी एक बाब अशी, की त्या तपासात कागदी कार्डांचा इतका ढीग साचला होता की एका कार्डावरचे नाव दुसऱ्या कार्डाशी जुळवणेच अशक्य झाले होते. त्यातून धडा घेऊन ब्रिटिश पोलिसांनी १९८० च्या दशकात संगणकीय पद्धत आणली आणि तिचे नाव मुद्दाम शेरलॉक होम्सशी जुळेल असे ‘होम्स’ ठेवले.

कथासाहित्यात हेच सर्वांत निर्दयपणे मांडले ते स्वित्झर्लंडच्या फ्रीडरिश ड्युरेनमाट यांनी, १९५८ सालच्या ‘द प्लेज’ या नावाने इंग्रजीत गेलेल्या कादंबरीत. तिला त्यांनी गुन्हेगारी कादंबरीचे मृत्युगीत असे उपशीर्षक दिले आहे. शेवट सांगितल्याशिवाय मुद्दा कळणार नाही, म्हणून वाचकांची माफी मागून सांगतो. मात्थेई हा अधिकारी खून झालेल्या लहान मुलीच्या आईला खुनी शोधून काढण्याचे वचन देतो. पोलिसांनी एका फेरीवाल्याला धरलेले असते. दीर्घ चौकशीनंतर तो कबुली देतो आणि कोठडीत गळफास घेतो. सर्वांच्या दृष्टीने प्रकरण मिटते, पण मात्थेईला खुनी दुसराच आहे असे वाटत राहते. नोकरी सोडून तो खुन्याच्या जाण्यायेण्याच्या रस्त्यावर पेट्रोल पंप चालवायला घेतो, एका स्त्रीला तिच्या लहान मुलीसह घरात ठेवतो आणि त्या मुलीला तिच्या नकळत आमिष म्हणून रस्त्याकाठी खेळू देतो. खुनी येणारही असतो. वाटेत मोटार अपघातात तो मरतो आणि हे मात्थेईला कधीच कळत नाही. तो वाट पाहत बसतो आणि त्यातच त्याची बुद्धी जाते.

या कादंबरीबद्दल बोलताना लोक मात्थेईच्या शोकांतिकेबद्दल बोलतात. माझ्या मते नजर त्या मुलीवर ठेवायला हवी. मात्थेईचा तर्क पहिल्यापासून शेवटपर्यंत बरोबर आहे आणि तरीही त्याने एका जिवंत मुलीला गळाला लावले आहे. ध्यासाच्या कथांमधला हा कळीचा मुद्दा आहे: झपाटलेला माणूस बहुधा सुरुवातीला बरोबर असतो. इतर कोणी पाहिले नाही ते त्याने पाहिलेले असते, त्याला हसणारे चुकलेले असतात, आणि या एका बरोबर ठरण्यातून त्याला पुढच्या सगळ्या गोष्टींसाठी परवाना मिळाल्यासारखे वाटते.

दक्षिण कोरियातल्या ह्वासोंग भागात १९८६ ते १९९१ या काळात दहा स्त्रियांचे आणि मुलींचे खून झाले. त्यांवर आधारलेला बोंग जून-हो यांचा ‘मेमरीज ऑफ मर्डर’ हा २००३ सालचा चित्रपट या प्रकारातला उत्तम मानला जातो. त्यातले गावठी आणि शहरी असे दोन पोलीस संशयितांना मारहाण करतात, त्यांच्याकडून कबुली वदवून घेतात, आणि प्रेक्षकाला एकीकडे त्यांची कीव येते तर दुसरीकडे शिसारी येते. चित्रपट आला तेव्हा खुनी सापडलेला नव्हता. २०१९ मध्ये डीएनए तपासणीतून तो निष्पन्न झाला. दुसऱ्याच एका खुनासाठी तो आधीच तुरुंगात होता आणि या मालिकेतल्या खुनांवर खटला भरण्याची कायदेशीर मुदत संपून गेली होती. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे मालिकेतल्या आठव्या खुनासाठी एका निरपराध माणसाने सुमारे वीस वर्षे तुरुंगात काढली होती. २०२० च्या डिसेंबरात न्यायालयाने त्याला निर्दोष ठरवले. पोलिसांनी आपल्याकडून जबरदस्तीने कबुली घेतली असे तो सांगत होता. पडद्यावर ज्याला आपण तळमळ म्हणतो, तिच्या दुसऱ्या टोकाला असा माणूस असतो.

अधिकारी आणि खुनी ही एकाच नाण्याची दोन अंगे आहेत, ही कल्पना वापरणाऱ्या कथाही आपल्याकडे आल्या. २०१६ च्या ‘रमन राघव २.०’ या हिंदी चित्रपटात खुनी एका व्यसनी पोलीस अधिकाऱ्यालाच आपला जोडीदार मानून त्याच्या मागे लागतो. चित्रपट म्हणून त्यात ताकद आहे, पण ज्याचे नाव त्याने घेतले आहे त्या खऱ्या प्रकरणात असले काही घडले नव्हते. मुंबईच्या उपनगरांत फुटपाथवर आणि झोपड्यांत झोपलेल्या गरिबांना ठार मारणारा रमन राघव ऑगस्ट १९६८ मध्ये सापडला तो एका उपनिरीक्षकाने त्याला वर्णनावरून रस्त्यात ओळखले म्हणून. पकडल्यावर तो तोंड उघडेना. काय हवे असे विचारल्यावर त्याने कोंबडीचे जेवण मागितले, ते मिळाल्यावर आणखी काही किरकोळ वस्तू मागितल्या आणि मग बोलू लागला. त्या तपासावर देखरेख ठेवणाऱ्या रमाकांत कुलकर्णी यांनी हे सर्व पुढे लिहून ठेवले आहे. चेहरा ध्यानात ठेवणे, बसवून ठेवणे, खाऊ घालणे, ऐकून घेणे, एवढ्यावर ते काम झाले. दुहेरी आत्म्यांचे नाट्य त्यात कोठेच नाही.

याच कुलकर्णी यांना काही वर्षांनी मराठवाड्यात यावे लागले. परभणी जिल्ह्यातल्या मानवत येथे नोव्हेंबर १९७२ ते जानेवारी १९७४ या काळात दहा खून झाले. मारल्या गेलेल्या सगळ्या स्त्रिया आणि मुली होत्या, त्यांत दहा वर्षांच्या आसपासच्या मुली होत्या, एक तर तान्ही होती. दुष्काळाने आधीच खचलेल्या त्या भागात लोकांनी मुलींना घराबाहेर पाठवणे बंद केले. कुलकर्णी यांच्या आठवणींवर आधारलेली वेब मालिका २०२४ मध्ये आली आणि मराठवाड्याबाहेरच्या तरुण वाचकांना हे नाव नव्याने कळले.

ध्यासाच्या चर्चेत मानवत प्रकरण दोन कारणांसाठी महत्त्वाचे आहे. पहिले असे की ते एकट्या मालिका-खुन्याचे प्रकरण ठरले नाही. सरकार पक्षाने जे न्यायालयापुढे मांडले ते गुप्तधनासाठी आणि मूल होण्यासाठी दिलेल्या बळींचा, अनेकांनी मिळून केलेला कट होता. ध्यासाची कथा नेहमी एकवचनी असते, तिला “तो” हवा असतो, एकटा आणि विकृत. खुनांची मालिका पाहून फक्त अशा एका माणसाचाच शोध घेणारा अधिकारी मानवतच्या गल्ल्यांत कितीही हिंडला असता तरी त्याला काही गवसले नसते, कारण येथे अंधश्रद्धा, आशाळभूतपणा आणि पैशासाठी कामे करणारी माणसे अशी साखळी असल्याचे तपासातून पुढे आले.

दुसरे कारण न्यायालयाचे आहे. सत्र न्यायालयाने शिक्षा दिल्या, पण कटाच्या मुळाशी असल्याचा आरोप ज्यांच्यावर होता त्यांना उच्च न्यायालयाने दोषमुक्त केले आणि १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मुक्तता कायम ठेवली. इतर काहींची शिक्षा टिकली. सगळा वाद माफीच्या साक्षीदारांवर होता. गुन्ह्यात सामील असलेला माणूस माफी मिळवून इतरांविरुद्ध बोलतो तेव्हा स्वतंत्र पुराव्याचा दुजोरा असल्याशिवाय त्याच्या शब्दावर विसंबू नये, हे तत्त्व त्या निकालात पुन्हा ठामपणे सांगितले गेले आणि आजही वकील त्याचा आधार घेतात. कथाकाराच्या दृष्टीने याचा अर्थ मोठा आहे. अधिकाऱ्याची मनोमन खात्री आणि न्यायालयाला पटणारा पुरावा या दोन वेगळ्या गोष्टी असतात, आणि ध्यास पहिलीला दुसरी समजू लागतो.

आता ही कथा आजच्या मराठवाड्यात आणून पाहू. समजा, जायकवाडीच्या डाव्या कालव्यात दोन वर्षांत काही बायकांची प्रेते सापडली. पैठणहून निघणारा हा २०८ किलोमीटरचा कालवा छत्रपती संभाजीनगर, जालना आणि परभणी अशा जिल्ह्यांतून जातो, त्यामुळे प्रेत पाण्यात टाकले एका ठाण्याच्या हद्दीत आणि निघाले दुसऱ्याच. प्रत्येक ठाण्याने आपापल्या रजिस्टरात आकस्मिक मृत्यूची नोंद करून पाय घसरून पडल्याचा अंदाज लिहिला. मयत बायका ऊसतोडीच्या टोळ्यांतल्या, दसऱ्यानंतर गाव सोडून गेलेल्या, म्हणून हरवल्याची तक्रार कोणी वेळेवर दिली नाही. गावाला वाटले कारखान्यावर आहे, टोळीला वाटले गावी गेली. मालिका-खुन्याच्या तपासातली सर्वांत अवघड गोष्ट खुनी शोधणे ही नसून ही मालिका आहे हेच ओळखणे असते, आणि आपल्याकडे ते ओळखायला हद्दी, हंगाम आणि उदासीनता या तिन्ही गोष्टी आड येतात.

अशा वेळी एखादी सहायक पोलीस निरीक्षक तिन्ही ठाण्यांच्या नोंदी शेजारी ठेवून पाहते आणि गळ्यावरच्या खुणा सारख्या आहेत हे तिच्या लक्षात येते. येथपर्यंत तिचे झपाटलेपण हे सगळ्या व्यवस्थेतले एकमेव शहाणपण आहे. आता व्यवस्था तिच्या आड कशी येईल, हे लिहिणाऱ्याने परदेशी मालिकांतून उचलू नये. येथे कोणी बॅज टेबलावर आपटून राजीनामा देत नाही. येथे गणपतीचा बंदोबस्त लागतो, मंत्र्यांचा दौरा लागतो, न्यायसहायक प्रयोगशाळेकडून सीए रिपोर्ट, म्हणजे रासायनिक तपासणीचा अहवाल, यायला महिने जातात, मोबाइल टॉवरचा डेटा मागवण्यासाठी वरच्या सहीसाठी खेपा घालाव्या लागतात, आणि गुन्हा खरा पण आरोपी मिळून येत नाही असे म्हणून ‘अ’ समरी पाठवण्याचा सल्ला मिळतो. “मॅडम, तुमची बदली दोन महिन्यांवर आली. कशाला अंगावर घेता?” असे ठाण्यातला जुना हवालदार अगदी मायेने सांगतो. या मायेतच ध्यासाला खतपाणी मिळते, कारण मदत करणारे कोणी उरले नाही की माणूस एकट्याच्या नियमांनी चालू लागतो.

ती कोठे घसरेल तेही येथल्याच कामकाजातून ठरवता येते. केस डायरीत रोजचा तपास लिहायचा असतो. ती डायरीत थोडे आणि स्वतःच्या वहीत जास्त लिहू लागते, कारण डायरी वरिष्ठ वाचतात. कालव्याच्या कडेला संशयिताला पाहिलेल्या मेंढपाळाकडे ती रात्री जाते आणि खात्री करून घ्यावी म्हणून मोबाइलवरचा फोटो त्याला दाखवते. “हाच का?” असे विचारते. तो क्षणभर थांबून हो म्हणतो. कथेत हा विजयाचा क्षण म्हणून रंगवता येईल, प्रत्यक्षात तपास त्याच क्षणी उद्ध्वस्त झालेला असतो. पुढे तुरुंगात नायब तहसीलदारांसमोर ओळख परेड होईल, सारख्या दिसणाऱ्या माणसांच्या रांगेतून मेंढपाळ बरोबर माणसावर बोट ठेवेल, पण त्याने चेहरा कालव्यावर पाहिला होता की मोबाइलवर, हे आता त्यालाही सांगता येणार नाही. संशयिताने बंद खोलीत तिच्यासमोर दिलेली कबुलीही उपयोगाची नाही. पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध वापरता येत नाही, हा १८७२ च्या कायद्यातला नियम १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कायम आहे. त्या कबुलीतून एखादी वस्तू मिळाली, तिचा पंचांसमक्ष पंचनामा झाला, तर तेवढ्यापुरता भाग चालतो. परदेशी कादंबरीत ज्या प्रसंगासाठी तीनशे पाने वाट पाहिली जाते, तो प्रसंग येथे सरकारी वकिलाच्या फाइलीत शिरतच नाही.

या कथांची आणखी एक खोड सांगितली पाहिजे. खुनी आणि अधिकारी यांच्या कुस्तीत मारले गेलेले लोक पार्श्वभूमीला ढकलले जातात. खुन्याला टोपणनाव मिळते, अधिकाऱ्याला पूर्वायुष्य मिळते आणि बळींना क्रमांक मिळतात. यॉर्कशायरच्या तपासात मारल्या गेलेल्या स्त्रियांची विभागणी शरीरविक्रय करणाऱ्या आणि ‘निष्पाप’ अशी केली गेली होती. त्या विभागणीमुळे काही हल्ले या मालिकेतले नाहीत असे समजले गेले, म्हणजे तो केवळ असभ्यपणा नव्हता, तपासातला दोषही होता. तेव्हाच्या त्या भाषेबद्दल तेथल्या पोलीस प्रमुखांनी २०२० मध्ये माफी मागितली. आपल्या काल्पनिक कथेतल्या ऊसतोड मजूर बायकांची नावे, त्यांची मुकादमाकडची उचल, त्यांनी शेवटचा फोन कोणाला केला, हे ज्या अधिकाऱ्याला खुन्याच्या स्वभावापेक्षा महत्त्वाचे वाटते तिला धागा आधी सापडण्याची शक्यता जास्त, कारण कोणती टोळी कोणत्या तारखेला कोणत्या रस्त्याने परतली हे त्या तपशिलांतच दडलेले असते.

लिहिणाऱ्याने या कथेचा शेवट कालव्यावरच्या झटापटीत करू नये असे मला वाटते. तो परभणीच्या सत्र न्यायालयात, आरोपीच्या वकिलाने घेतलेल्या उलटतपासणीत करावा. वकील शांतपणे विचारतो, ओळख परेडीच्या आधी तुम्ही साक्षीदाराला किती वेळा भेटलात. डायरीत एक भेट लिहिली आहे, मेंढपाळाने आदल्या दिवशी साक्षीत तीन सांगितल्या आहेत. आरोपी खरा खुनी आहे हे न्यायालयात बसलेल्या पुष्कळ लोकांना मनातून माहीत आहे, वकिलालाही असेल. अधिकारी उत्तर द्यायला लागते आणि न्यायाधीश तिचे वाक्य लघुलेखकाला सांगू लागतात.